कंदील जळत होता

तो प्यायलेला नव्हता.

हे पहिल्या ओळीत घालायचं, असं त्याच्या बायकोनं मला बजावून सांगितलं आहे. मधे कुठंतरी नको, शेवटी तर नकोच. लोक शेवटपर्यंत वाचत नाहीत, असं तिचं म्हणणं. तिला स्वतःला वाचता येत नाही, पण कागद लोक कुठपर्यंत वाचतात हे तिला माझ्यापेक्षा बरं कळतं. तिच्या नवऱ्याच्या मरणाचा जो कागद झाला, त्याच्या पहिल्याच ओळीत ‘दारूच्या नशेत’ असं होतं. त्या कागदाखाली पंच म्हणून माझी सही होती.

म्हणून ओळ घातली. आता बाकीचं सांगतो.

देवगाव फाट्यापासून आत एका गावात मी सोसायटीचा गोदामपाल होतो. गोदाम म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांबलचक खोली, दोन बाजूंनी पोत्यांच्या थप्प्या आणि मधून चालायला वाट. ज्वारीला सोंडे लागतात, गव्हाला लागतात, तुरीला तर लागतातच. त्यासाठी गोळ्या यायच्या. राखाडी रंगाची, बोराएवढी चपटी गोळी. डबा उघडला की हवेतल्या ओलाव्यानं ती हळूहळू फुलते आणि तिची राख होते, आणि होता होता तिच्यातून जो वायू निघतो तो किड्याला मारतो. थप्पीवर ताडपत्री टाकायची, कडेनं वाळूच्या पिशव्या दाबायच्या, दाराच्या फटी चिखलानं बुजवायच्या आणि सात दिवस कुलूप. मग दारं-खिडक्या सताड उघडून पुरता एक दिवस वारा खेळू द्यायचा. त्यानंतर माणूस आत.

हे सगळं मला परभणीला एका दिवसाच्या शिबिरात शिकवलं होतं. शिकवणाऱ्या माणसानं डब्याचं झाकण जरासं सरकवलं आणि आम्हाला लांबूनच वास घ्यायला लावला. लसणासारखा, जुन्या दिव्यातल्या कार्बाइडसारखा वास. तो म्हणाला, हा वास आला की मागं फिरायचं, पुढचं पाऊल टाकायचं नाही. आणि वास आला नाही म्हणून वायू नाही असंही समजायचं नाही. ह्याला उतारा नाही, एवढं लक्षात ठेवा. मी ते वहीत लिहून घेतलं. माझं अक्षर चांगलं होतं.

गोष्ट त्याच गावातल्या माझ्या मामाच्या पेवापासून सुरू होते.

आमच्याकडं पेव म्हणजे जमिनीत पुरलेली बरणी समजा. तोंड अरुंद, एक माणूस अंग चोरून उतरेल एवढं, आणि खाली पोट मोठं. आत कडेनं कडबा आणि भुसकट लावायचं, ज्वारी ओतायची, तोंडावर शिळा ठेवून चिखलानं लिंपायची. मामाचं पेव गावठाणाच्या पांढऱ्या मातीत, गोठ्याच्या मागं होतं. त्यातल्या ज्वारीच्या भाकरीला एक आंबूस वास यायचा. आजोळच्या आठवणीतला माझा पहिला वास तोच असेल.

दिवाळीनंतर मामानं पेव उघडलं तर वरच्या थरात सोंडे दिसले. मामा हळहळला. मी त्याच्या ओट्यावर चहा पीत होतो. गोदामातला एक डबा फोडलेला होता आणि फोडलेला डबा ठेवून चालत नाही, हवा लागून गोळ्या वाया जातात. उरलेल्या गोळ्या कुणाला ना कुणाला देऊन टाकायची आमच्याकडं पद्धतच पडून गेली होती. मी म्हणालो, मामा, मी देतो की औषध. मोठ्या ऐटीत म्हणालो. ज्या भाच्याला लहानपणी मामानं बैलांना पाणी पाजायला धाडलं होतं, तो आता मामाला औषध देत होता. मी स्वतः जाऊन गोळ्या ज्वारीत खोचल्या, शिळा ठेवली, लिंपण करवून घेतलं आणि सात दिवस हात लावायचा नाही असं सांगून आलो.

चौथ्या दिवशी आभाळ आलं.

अवकाळी पाऊस पेवाचा वैरी. तोंडातून एकदा पाणी झिरपलं की आतली ज्वारी सडून जाते. सकाळीच मामाचा निरोप आला, पेव रिकामं करायचं, ये. मी गेलो आणि म्हणालो, मामा, अजून तीन दिवस पाहिजेत.

मामा म्हणाला, “आभाळ तुझ्या वहीला विचारून येतं का?”

चार-पाच माणसं जमलेली होती. त्यांच्यात मामाचा सालगडी होता. तोच हा, ज्याच्यासाठी मी लिहितो आहे. वस्तीतला, बौद्ध, तिशीच्या आसपासचा, अंगानं सडसडीत. म्हणून पेवात उतरायचं काम नेहमी त्याच्याकडं. पूर्वी तो प्यायचा आणि लपवायचा नाही. मग एका जयंतीला वस्तीतल्या विहारापुढं सगळ्यांसमोर त्यानं दारू सोडली. त्याला तीन वर्षं होऊन गेली होती. त्याची बायको ती तीन वर्षं बोटावर मोजून सांगायची, इतकं तिला त्याचं अप्रूप होतं.

शिळा सरकवली आणि थोडा वेळ तोंड उघडं ठेवलं. मग मामानं दोरीला कंदील बांधून आत सोडला.

ही आमच्याकडची रीत, आणि रीत खोटी नव्हती. कोंडलेल्या धान्यात हवा कुजते. तसली हवा दिव्याला मारते तशी माणसालाही मारते, म्हणून आधी दिवा पाठवायचा. विझला तर थांबायचं, जळत राहिला तर उतरायचं. ह्या कंदिलानं आमच्या गावात कितीक माणसं वाचवली असतील. पण गोळीचा वायू वेगळा आहे. माणूस मरेल एवढा वायू आत भरलेला असला तरी कंदिलाला त्याचं काही वाटत नाही. परभणीच्या शिबिरात कंदिलाविषयी कुणी बोललं नाही, कारण शिकवणाऱ्यानं पेव बघितलेलं नव्हतं. आणि पेवावर लसणाच्या वासाविषयी कुणाला ठाऊक नव्हतं, कारण शिबिराला गेलेला मी एकटाच होतो.

कंदील खाली जाऊन टेकला. ज्योत हललीसुद्धा नाही.

सालगडी पेवाच्या तोंडाशी वाकला, नाक ओढलं आणि हसला. “मालक, मालकिणीनं पेवात लसूण घातलाय का काय?”

सगळे हसले. मामा म्हणाला, उतर आता, फोडणीचं मागाहून बघू.

मी हसलो नाही. तो वास मलाही आला होता. मी म्हणालो, मामा, जरा थांबू या. मामानं हातातली दोरी हलवून दाखवली. कंदील जळायलाय का न्हाई, असं विचारलं. चार माणसांत माझ्याकडं न बघता विचारलं. मी म्हणालो, जळायलाय. “मग?” असं म्हणून त्यानं दोरी खुंटीला बांधली.

दोर कमरेला बांधता बांधता सालगड्यानं मात्र मामाला विचारलं नाही, मला विचारलं. औषधाचा माणूस मी होतो ना.

“उतरू का भाऊ?”

मी म्हणालो, “कंदील तर जळतोय.”

मी ‘उतर’ म्हणालो नाही. नऊ वर्षं मी ह्याच एका गोष्टीच्या आडोशाला बसून होतो. उतर असं मी म्हणालो नव्हतो.

पेवात उतरलेल्या माणसानं गप्प राहायचं नसतं. टोपलं भरलं की मोठ्यानं मोजायचं, म्हणजे वरच्यांना कळतं की तो ठीक आहे. धान्य मोजताना आमच्यात ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. खालून त्याचा आवाज आला, लाभ. मग दोन. मग तीन. आठव्याला खोकला आला. मी वाकून हाक मारली तर माझंच डोकं गरगरलं. नऊ म्हणाला, दहा म्हणाला. अकरा म्हणाला ते इतकं हळू, की दोर धरून उभ्या असलेल्या एका जुन्या हमालानं माझ्याकडं बघितलं. मग काहीच आलं नाही.

दोर ओढला. वर आला तेव्हा शुद्धीत होता, पण पाय टाकता येत नव्हते. ओकला. छाती धरून बसला, पाणी मागितलं, पुन्हा ओकला. बोलताना जीभ जड पडत होती. कुणीतरी म्हणालं, सकाळीच लावून आलाय वाटतं. कोण म्हणालं ते मला माहीत आहे. तो माझा मामा होता. तो आता ह्या जगात नाही आणि त्याच्या माघारी मी हे लिहितो आहे, पण मला ते गाळता येत नाही.

ट्रॅक्टरवर घालून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर नवा होता. त्यानं सलाइन लावलं आणि मला शिकलेला बघून बाजूला घेतलं. आत काही औषध, काही फवारणी केली होती का, असं दोनदा विचारलं. मी म्हणालो, पेवातला वायू बाधला. तो वायू कसला ते मी सांगितलं नाही. गोळ्या गोदामाच्या होत्या. माझ्या डोक्यात त्या घटकेला नोकरी होती, दुसरं काही नव्हतं.

नंतर किती तरी वर्षांनी मी दुसऱ्या एका डॉक्टरला विचारलं की मी सांगितलं असतं तर तो वाचला असता का. तो म्हणाला, वाचला असता असं म्हणणार नाही, आणि वाचला नसता असंही म्हणणार नाही.

परभणीला न्यायला जीप मिळाली. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन मागं बसलो. हातपाय बर्फासारखे गार झाले होते, पण शुद्धीवर होता. शेवटपर्यंत सगळं कळत होतं त्याला. लोक काय म्हणत होते तेही त्यानं ऐकलं होतं. मला म्हणाला, “भाऊ, हिला सांगा. मी घेतलेली न्हाई.”

मी हो म्हणालो.

परभणी यायच्या आत तो गेला.

पंचनामा झाला. मामानं सांगितलं, जमलेल्यांनी माना डोलावल्या, लिहिणाऱ्यानं लिहिलं. कागद माझ्यासमोर आला तेव्हा मी पूर्ण वाचला आणि खाली सही केली. त्याच्या बायकोला तो निरोप मी सांगितला नाही. सांगायचा तर सही खोटी पडत होती.

आता त्या काळाचं सांगितलं पाहिजे, कारण माझी लपायची जागा तिथंच होती. विद्यापीठाच्या नामांतराची ती वर्षं. ठराव झाला तेव्हा आजूबाजूच्या गावांत घरं जळाली होती. आमच्या गावात जाळपोळ झाली नाही, पण वस्तीचं काम बंद झालं, दुकानावर माल देईनासे झाले, आणि ते सुरळीत व्हायला दोन वर्षं लागली. सुरळीत म्हणजे वरून. मोर्चाची बातमी आली की पारावरची माणसं वस्तीकडं बघत आणि वस्तीतली माणसं पाराकडं.

अशात एका सवर्णाच्या पेवात वस्तीतला माणूस मेलेला. त्याची बायको तक्रार करायची म्हणत होती. गावातले चार जाणते तिच्या दारात गेले. वातावरण तापलेलं आहे, कशाला वाढवता, असं म्हणाले. त्या चारांच्या मागं मी उभा होतो. काही बोललो नाही. पुढंही कुणी विषय काढला की मी म्हणायचो, गाव पेटलं असतं. लोकांना ते पटायचं. मलाही पटवून घेत होतो. गाव वाचवण्यासाठी गप्प बसलेला समजूतदार माणूस, असं मी स्वतःला दाखवत होतो. खरं तेवढंच होतं की मी भ्यालो होतो, आणि माझं भय झाकायला नामांतर आयतं मिळालं होतं.

चौऱ्याण्णवची ती संक्रांत आली आणि विद्यापीठाला नाव दिलं. फाट्यावर पोलिसांची गाडी काही दिवस उभी होती, हॉटेलं दोन दिवस बंद होती. आमच्या गावात काही झालं नाही. वस्तीत रोषणाई झाली, पारावर लोक थोडे घुश्शात बसले आणि मग हरभऱ्याच्या काढणीला लागले. मी गोदामाच्या पायरीवर बसून होतो. माझ्या मनात आलं, आता? आता काय सांगशील?

तरी मी तिच्याकडं गेलो नाही. आणखी तीन महिने गेलो नाही. मी काही एकाएकी सुधारलो असं कुणी समजू नये.

चैत्रात मामेभावाच्या घरी बाळ झालं. मी बघायला गेलो. मामा तोवर वारला होता, पेव बंद पडलं होतं. आता लोक ज्वारी घरातच ठेवत होते. मामेभावानं माजघर पोत्यांनी भरलं होतं. त्याला लागून बाळंतिणीची खोली, मधे फळ्यांची भिंत. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडकीला गोधडी, दाराला पडदा, कोपऱ्यात शेगडी, आणि देवळीत आमच्या रिवाजाप्रमाणं दिवसरात्र जळणारा दिवा. दुपारची वेळ होती. मी दाराशी उभा राहिलो आणि मला वास आला.

मी मामीला विचारलं, वास कसला?

मामी हसली. “बाळंतिणीच्या खोलीत लसणाचा न्हाई तर अत्तराचा येणार व्हय?”

खरंच होतं. आमच्यात बाळंतिणीला लसूण-ओवा खायला घालतात. पण मी विचारलं, बाळंतीण कशी आहे? मामी म्हणाली, कालपासून डोकं दुखतंय म्हणते, दोनदा ओकली, ओल्या बाळंतिणीला व्हतंच. मी विचारलं, ज्वारीला काही लावलंय? लावलंय की, ती म्हणाली, परवा फाट्यावरून गोळ्या आणल्या, पोत्यात खोचल्या. आणि माझं तोंड बघून मला धीर द्यायला तिनं देवळीकडं बोट केलं. “काही न्हाई बाबा. दिवा जळायलाय की.”

पुढं काय झालं ते मला नीट क्रमानं आठवत नाही. पुरुषमाणसानं बाळंतिणीच्या खोलीत जायचं नसतं. मी गेलो. बाळ उचलून मामीच्या हातात कोंबलं, बाळंतिणीला धरून बाहेर आणलं, अंगण ओलांडून थेट चिंचेखाली बाजेवर बसवलं. मामी ओरडत होती, वारा लागेल. मी म्हणालो, लागू दे. गोधडी ओढून खिडकी उघडली, सगळ्यांना घराबाहेर काढलं. मामेभाऊ शेतातून धावत आला तो माझ्या अंगावरच आला. मी त्याला म्हणालो, आधी गाडी आण. डॉक्टरला गोळीचं नाव सांग. डबा बरोबर घे. ह्या वेळी डॉक्टरला सगळं कळू दे.

दोघं वाचली. बाळानं चार दिवस दवाखान्यात काढले आणि घरी आलं.

परत आल्यावर मामेभाऊ माझ्यापुढं बसला आणि विचारलं, दादा, तुम्हाला उंबऱ्यातूनच कसं कळलं?

मी म्हणालो, “हाच वास तुझ्या बापाच्या पेवाला होता.”

तेव्हा मला कळलं, की मी काय झाकून ठेवलं होतं. मी एका माणसाची अब्रूच नुसती घालवली नव्हती. तो दारूनं मेला असं गावानं मानलं, त्यामुळं गोळी निर्दोष राहिली आणि दिवा खरा राहिला. त्या दिव्याच्या भरवशावर मामी आपली सून आणि नातू त्या खोलीत ठेवत होती. मी गप्प होतो तोवर प्रत्येक घरातला दिवा खोटं बोलत होता, माझ्या वतीनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीत गेलो.

ती अंगणात चिंचा फोडत बसली होती. दगडावर चिंच, हातात बत्ता. मी समोर उकिडवा बसलो.

“वहिनी,” मी म्हणालो.

“मला वहिनी कवापासून म्हणायलाव?” ती म्हणाली. “काम सांगा.”

मी सांगितलं. गोळ्या माझ्या, हातानं खोचल्या. चार दिवसांत उघडलं. वास त्याला आला होता, मलाही आला होता. त्यानं मला विचारलं आणि मी काय म्हणालो ते. अकरापर्यंत मोजलं ते. डॉक्टरपाशी लपवलं ते, सही केली ते. मी बोलत असताना ती चिंचा फोडत राहिली. एकाही चिंचेवरचा घाव चुकला नाही.

मग ती म्हणाली, त्याच्या सदऱ्याला लसणाचा वास येत होता. मी तवाच म्हनले होते, तोंडाला दारूचा वास न्हाई, कपड्याला लसणाचा हाय. सगळे म्हनले, बाई येडी झालीय.

मी म्हणालो, अजून एक आहे. जीपमधे त्यानं एक निरोप दिला होता.

तेव्हा बत्ता थांबला.

निरोप सांगितला. तिनं पुढ्यातले चिंचोके हातानं बाजूला सारले. मग म्हणाली, “नऊ वर्षं हे तुमी तुमच्यापाशी ठिवलंत.” रडली नाही. ओरडलीही नाही.

मी काही बोलणार तोच तिनं विचारलं, माफी मागायला आलाव का? मी होकाराची मान हलवली.

“ती मागायची तर त्याला मागा. त्यानं देऊन टाकली असती. लय भोळा होता. मला जमायचं न्हाई.” आणि बत्ता उचलून, “तुमी काम करा. जितक्या लोकांनी त्याला पिदाडा म्हनलं तितक्यांपुढं सांगा. आन् लिहून ठिवा.”

मी म्हणालो, रविवारी पारावर सांगतो. ती म्हणाली, पारावर नको, पारावर आमी बसत न्हाई. शाळेच्या पटांगणात सांगा. आणि पहिल्या ओळीची ती अट तिथंच घातली.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली तेव्हा मी उभा राहिलो. एका बाजूला गाव, एका बाजूला वस्ती, मधे झेंड्याचा खांब. मी बोलायला कधीच धड नव्हतो. वहीत लिहून नेलं होतं, तेच वाचलं. पहिलं वाक्य वाचलं आणि वस्तीच्या बाजूला एक म्हातारी मोठ्यानं ‘हां’ म्हणाली, बस. 

संपल्यावर पंचनाम्यावर माझ्याबरोबर सही करणारा दुसरा माणूस उठला आणि म्हणाला, मामा मेल्यावर वाचा फुटली का तुला?

मी म्हणालो, हो. तो जिवंत असताना धीर झाला नाही.

 मग पेवावर दोर ओढणारा जुना हमाल, आता पार वाकलेला, काठी टेकत पुढं आला. त्यानं विचारलं, मग बापजाद्यांचा कंदील खोटा व्हता का?

मी म्हणालो, “कंदील खरा होता. गोळी नवी होती. तिला कंदील ओळखत नाही.”

त्यानं ते स्वतःशीच दोनदा पुटपुटून बघितलं आणि खाली बसला.

पुढचं थोडक्यात. सोसायटीला गोळ्यांचं लेखी कळवलं, माझी चौकशी झाली, बदली झाली, ते योग्यच होतं. पोलिसांत जबाब दिला. जुना कागद सापडत नाही म्हणाले. मी दर काही महिन्यांनी जाऊन विचारतो, सापडेपर्यंत विचारणार आहे. आणि गावोगाव जातो, सायकलवर, सुट्टीच्या दिवशी. ज्या घरात गोळ्या लावल्या असतील त्या घराच्या दारावर गेरूनं तारीख लिहितो, शेजारच्या खोलीत कुणाला झोपू देत नाही. डोकं दुखलं, मळमळलं, छाती आवळली तर आधी मोकळ्यावर या आणि डॉक्टरला गोळी सांगा, लाजू नका, एवढं प्रत्येक घरी बोलतो. काही घरांतून मला हाकलतात. गोळीवाला आला, म्हणून हसतात. हसू देत. दार उघडलं म्हणजे झालं.

पेवाचं मात्र सांगायचं राहिलं. ग्रामसभेनंतर मामेभाऊ माझ्याकडं आला. म्हणाला, दादा, ते भोक बुजवून टाकू. पोरं खेळतात तिकडं. एका सकाळी मुरुमाची गाडी आणली. मी, मामेभाऊ, तो वाकलेला हमाल, वस्तीतली तीन-चार माणसं. त्याची बायको येईल असं वाटलं नव्हतं. ती आली. कुणाशी बोलली नाही. शिळा सरकवलेली होती, आत अंधार होता. तिनं टोपलं भरलं, काठाशी जाऊन उभी राहिली.

लाभ म्हणेल असं मला वाटलं. सगळ्यांनाच वाटलं असावं.

तिनं टोपलं पेवात ओतलं आणि मोठ्यानं म्हणाली, “बारा.”

मग आम्हीही टोपली उचलली. तेरा कुणी म्हटलं ते आठवत नाही. दुपार कलेपर्यंत जमीन सारखी झाली.